रक्तातली स्वच्छता

अमेरिकेतल्या कुठल्याही तळ्याचा, रस्त्याचा, अगदी पेट्रोल पंपाचा फोटो घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून बघा. पाच मिनिटांत उत्तर येतं. "किती स्वच्छ! त्यांच्या रक्तातच आहे हो ते. आपल्याकडे नाही व्हायचं." काका लिहितात, आतेभाऊ लिहितो, शाळेतल्या मैत्रिणी लिहितात. आणि इथे राहणारे आपले लोक तर फोटोचीही वाट बघत नाहीत. दर पॉटलकला, गुलाबजाम वाढून होईपर्यंत कोणीतरी हे वाक्य बोलतंच.

मला या वाक्याचा राग येतो. देशाभिमान दुखावतो म्हणून नाही. ते खोटं आहे म्हणून. आणि या खोट्याचा फायदा नेमका कोणाला होतो ते दिसतं म्हणून.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं लेक सुपिरिअरच्या उत्तर काठाने गेलो. मिनिआपोलिसहून डुलुथ, आणि तिथून हायवे ६१ धरून थेट कॅनडाच्या हद्दीपर्यंत. डुलुथपासून पुढे साधारण दीडशे मैल. चार दिवस, दोन डबे चिवडा, आणि एक नवरा जो रत्नागिरीचा असल्यामुळे समुद्राशिवाय कशालाच 'मोठं पाणी' म्हणत नाही. डुलुथच्या आधी रस्ता एका टेकडीवर चढतो आणि अचानक समोरचं अर्धं आकाश निळं होतं. तिथे तोही गप्प झाला. मग म्हणाला, "हा समुद्रच आहे. फक्त मीठ घालायला विसरलेत."

पृष्ठभाग सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चतुर्थांशाहून जास्तच. सर्वांत खोल जागी ४०६ मीटर. जगात जमिनीवर जेवढं गोडं पाणी आहे त्याचा जवळपास दहावा हिस्सा या एका तळ्यात. ओजिब्वे लोक याला गिचिगामी म्हणतात, मोठं पाणी. आणि एक आकडा मला या सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो: यात आलेलं पाणी बाहेर पडायला सरासरी १९० वर्षं लागतात. तो आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

रस्ता सुंदर आहे, त्याबद्दल वाद नाही. एका बाजूला बर्च आणि स्प्रूसचं रान, दुसऱ्या बाजूला पाणी, मध्येच एखादी नदी तपकिरी चहासारखी उसळत खाली येते. गूजबेरी फॉल्सच्या खडकावर बसलो तर नवरा म्हणाला, "अगं हा तर आपला काळा फत्तर!" खरंच आहे. बेसाल्टच तो. सह्याद्रीतला साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इथला एकशे दहा कोटी वर्षांपूर्वीचा, पण तसाच काळा, तसाच भोकाभोकांचा, आणि भोकांत तसेच अकीक. लोक किनाऱ्यावर वाकून वाकून अकीक शोधत असतात. मीही शोधले. एक सापडला, नखाएवढा.

आता मुद्द्याकडे येते.

स्प्लिट रॉकच्या दीपगृहावरून पुढे निघालं की थोड्याच वेळात सिल्व्हर बे नावाचं गाव लागतं. इथे सहसा कोणी थांबत नाही. रस्त्यालगत पाण्याच्या कडेला एक भलामोठा कारखाना आहे, आणि निसर्ग बघायला आलेल्या माणसाला कारखाना बघायचा नसतो. गावात 'रॉकी टॅकोनाइट' नावाचा एक पुतळा आहे, गोल डोक्याचा, हातात कुदळ घेतलेला. आम्ही त्याच्यासाठी थांबलो, कारण नवऱ्याला असल्या गोष्टींचा भारी शौक. पण या पुतळ्याच्या गावात काय झालं ते माझ्या आतेभावाला कोणीतरी सांगायला हवं, म्हणून इथे लिहिते.

टॅकोनाइट म्हणजे हलक्या प्रतीचं लोहखनिज. दगड पिठासारखा दळायचा, चुंबकाने लोखंड वेगळं काढायचं, त्याच्या गोळ्या भाजायच्या आणि बोटीत भरून पोलादाच्या भट्ट्यांकडे पाठवायच्या. साधारण तीन भाग दगडातून एक भाग लोखंडाचं पीठ निघतं. उरलेल्या दोन भागांचं काय करायचं? रिझर्व्ह मायनिंग कंपनीने सोपं उत्तर शोधलं. तळ्यात टाकायचं. लपूनछपून नाही हं. १९४७ साली रीतसर सुनावणी होऊन राज्य सरकारने परवानगी दिली होती. कंपनीचं म्हणणं असं की चुरा जड आहे, तो सरळ तळाच्या खोल घळीत जाऊन बसेल, कोणाला कळणारसुद्धा नाही. १९५५ साली काम सुरू झालं. पूर्ण जोरात असताना दिवसाला ६७,००० टन. दहा टनांचा ट्रक धरला तर रोज सहा हजार सातशे ट्रक. रविवार धरून. पंचवीस वर्षं.

ही पंचवीस वर्षं त्या स्वच्छतेचं रक्त काय करत होतं?

चुरा काही सगळा घळीत बसला नाही. बारीक होता तो पाण्यात तरंगत राहिला, पाणी हिरवट दिसायला लागलं, मासे धरणारे तक्रार करायला लागले. तक्रारीचं काय होतं ते आपल्याला माहितीच आहे. तेच इथेही झालं. समित्या, परिषदा, अहवाल, मुदतवाढ. १९७२ साली केंद्र सरकारने कंपनीवर दावा लावला. १९७३च्या जूनमध्ये जाहीर झालं की डुलुथच्या नळाच्या पाण्यात अ‍ॅस्बेस्टॉससारखे तंतू सापडले आहेत. डुलुथ शहर तेव्हा तळ्यातलं पाणी न गाळताच पीत होतं. इतकं शुद्ध पाणी गाळायचं कशाला, असा विचार.

१९७४च्या एप्रिलमध्ये न्यायाधीश माइल्स लॉर्ड यांनी कारखाना बंद करण्याचा हुकूम दिला. दोनच दिवसांत वरच्या कोर्टाने स्थगिती दिली आणि कारखाना पुन्हा सुरू. १९७५ साली अपील कोर्टाने म्हटलं की धोका संभाव्य आहे, पण उद्याच माणसं मरतील असा नाही. कंपनीला वाजवी मुदत द्या, मग चुरा जमिनीवर टाकायला लावा. १९७६च्या जानेवारीत माइल्स लॉर्डना पक्षपाती ठरवून खटल्यावरून दूर केलं. (हे वाचून तुम्हालाही कुठलीतरी मराठी बातमी वाचल्यासारखं वाटलं असेल तर नवल नाही.) मग चुरा टाकायला जमिनीवरची जागा कुठली यावर आणखी भांडण. तळ्यात चुरा पडायचा थांबला तो १९८० साली. दावा लावल्यापासून आठ वर्षांनी.

हे सगळं आपोआप झालं नाही. व्हर्ना माइझ नावाची एक बाई होती, मिशिगनमध्ये याच तळ्याच्या दुसऱ्या काठावर वाढलेली, नोकरी-संसारामुळे वॉशिंग्टनजवळ राहणारी. १९६७ पासून तिने पत्रं लिहिली. सिनेटरांना, अधिकाऱ्यांना, वर्तमानपत्रांना. सह्या गोळा केल्या, लोकांच्या कचेऱ्यांत जाऊन बसली. वर्षानुवर्षं. मला तिच्याबद्दल वाचताना सारखं वाटत होतं की ऑफिसांमधून हिला काय म्हणत असतील? 'आली ती तळ्यावाली' असंच ना? अशी माणसं आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत. हातात फायलींची पिशवी, बोलायला लागली की लोक घड्याळाकडे बघतात.

नवऱ्याने गाडीत एक हरकत घेतली, आणि ती बिनबुडाची नव्हती. तो म्हणाला, "तू सिल्व्हर बेला राहत असतीस आणि मी त्या कारखान्यात कामाला असतो, तर तू व्हर्ना माइझच्या बाजूने असतीस का?" गाव उभंच राहिलं होतं कारखान्यासाठी. गावातल्या लोकांना लॉर्डसाहेबांचा हुकूम म्हणजे आपल्या चुलीवर ओतलेलं पाणी वाटलं, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? मी म्हटलं, नसतेही कदाचित. पण मग तोच तर मुद्दा आहे. स्वच्छता रक्तात असती तर गावाने आपणहून पगारावर लाथ मारली असती. तसं कोणी केलं नाही, कोणी करतही नाही. भांडण झालं, दोन्ही बाजूंनी खऱ्या गरजा असलेली माणसं होती, आणि शेवटी कोर्टाने असा तोडगा काढला की कारखानाही राहील आणि पाणीही. कंपनी पुढे १९८६ साली दिवाळखोरीत गेली. कारखाना नंतर वेगळ्या नावाने परत सुरू झाला, आणि चुरा डोंगरामागे बांधलेल्या तलावात जायला लागला. पंचवीस वर्षांत टाकलेला चुरा मात्र लेक सुपिरिअरच्या तळाशीच आहे. आपण वर उभं राहून 'किती निळं' म्हणतो.

आणि हे काही एकच उदाहरण नाही. याच काठावरचं जुनं पाइनचं जंगल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढच्या काही दशकांत जवळपास साफ तोडलं गेलं. आज आपण ज्याला 'अस्पर्श निसर्ग' म्हणून फोटो काढतो ते बर्चचं रान त्यानंतर उगवलेलं आहे. मासे? अमर्याद मासेमारी आणि समुद्रातून कालव्यांवाटे आत शिरलेला लॅम्प्री नावाचा रक्तपिपासू जीव, दोघांनी मिळून १९५०च्या दशकात लेक ट्राउट संपवत आणला होता. तो परत आला कारण १९५८ पासून नद्यांमध्ये लॅम्प्रीच्या पिल्लांना मारणारं औषध घालतात. दर उन्हाळ्यात. पगारी माणसं, सरकारी पैसा. कोविडमुळे २०२० आणि २०२१ साली हे काम कमी झालं तर लॅम्प्री लगेच वाढले. दोन वर्षांत! रक्तातली गोष्ट असती तर दोन वर्षांच्या रजेत एवढी विसरायला नको होती.

खाली लेक ईरीकडे बघा. २०१४च्या ऑगस्टमध्ये टोलेडो शहराच्या चारपाच लाख लोकांना सांगावं लागलं की नळाचं पाणी पिऊ नका, उकळूनसुद्धा पिऊ नका. शेतातली खतं वाहून तळ्यात गेली, विषारी शेवाळ माजलं. त्याच वर्षी फ्लिंट शहराने पाण्याचा स्रोत बदलला आणि मुलांच्या रक्तात शिसं सापडलं. रक्तात काय असतं याचं हे एक उत्तर.

आमच्या ग्रुपवरचे लोक यावर म्हणतील की ठीक आहे, कारखान्यांचं सोड, पण साधा माणूस बघ ना. तिथे कोणी चिप्सचं पाकीट टाकत नाही. टाकतात. पार्किंगमध्ये सकाळी सातला गणवेशातली एक मुलगी चिमटा आणि पिशवी घेऊन फिरत होती, मी स्वतः पाहिलं. फरक इतकाच की तिला त्या कामाचे तासावर पैसे मिळतात, कचऱ्याचा डबा वीस पावलांवर आहे, डब्याला अस्वलाला उघडता येणार नाही असं झाकण आहे, आणि तो भरायच्या आत रिकामा होतो. मिनेसोटाच्या या काठावर आठ स्टेट पार्क आहेत. ती जमीन तशीच पडलेली नव्हती, खाजगी बंगल्यांना विकून मोकळं होता आलं असतं. क्लॅरन्स मॅग्नी म्हणून डुलुथचे एकेकाळचे महापौर, पुढे न्यायाधीश, त्यांच्यासारखे लोक मागे लागले म्हणून हे तुकडे सार्वजनिक राहिले. त्यांच्या नावाच्या पार्कात एक धबधबा आहे, डेव्हिल्स केटल. ब्रूल नदीचं अर्धं पाणी एका खड्ड्यात पडून दिसेनासं होतं. लोकांनी त्यात काय काय टाकून बघितलं म्हणे, कुठे बाहेर येतं ते पाहायला. शेवटी राज्याच्या पाणी-अभ्यासकांनी धबधब्याच्या वर आणि खाली पाणी मोजलं, आणि २०१७ साली सांगितलं की पाणी कुठेही गायब होत नाही, थोडं खाली जाऊन त्याच नदीला मिळतं. मला ही गोष्ट फार आवडली. थोडं विषयांतर झालं, पण असो.

गूजबेरीमधल्या त्या सुंदर दगडी इमारती? १९३०च्या मंदीत बेकार पोरांना कामं द्यायला सरकारने जी योजना काढली तिच्यातल्या पोरांनी बांधलेल्या. आणि ही सगळी जमीन तरी कोणाची? १८५४च्या ला पॉइंटच्या तहाने ओजिब्वेंनी हा सगळा प्रदेश सोडला, शिकारीचे आणि मासेमारीचे हक्क स्वतःकडे ठेवले. अगदी टोकाला, कॅनडाच्या हद्दीवर ग्रँड पोर्टेज आहे, तिथलं स्टेट पार्क ओजिब्वेंच्या जमिनीवर आहे आणि राज्याने ती भाड्याने घेतली आहे. पिजन नदीचा १२० फुटी धबधबा बघताना आपण भाडेकरूच्या पाहुण्यासारखे असतो.

आता आपल्याकडे येते, कारण खरा राग तिथे आहे.

माझं माहेर कोल्हापूर. रंकाळ्यावर भेळ खात मोठी झाले. रंकाळ्यात सांडपाणी मिसळलं, हिरवं शेवाळ आलं, जलपर्णी आली, आणि प्रत्येक वेळी बाकावर बसलेलं कोणीतरी म्हणालं, "आपल्या लोकांना शिस्तच नाही." म्हणजे काय? सांडपाण्याची पाइप लोकांच्या बेशिस्तीने तळ्यात गेली? तिचा नकाशा कोणीतरी काढला होता, टेंडर कोणीतरी भरलं होतं, बिल कोणीतरी मंजूर केलं होतं. 'आपले लोक' म्हटलं की ही तिन्ही माणसं गर्दीत मिसळून जातात. हाच या वाक्याचा उपयोग. सगळे दोषी असले की कोणावरच नोटीस निघत नाही.

कायदा नव्हता म्हणावं तर तेही नाही. महाराष्ट्राने पाणी प्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा केला १९६९ साली. अमेरिकेचा प्रसिद्ध क्लीन वॉटर अ‍ॅक्ट १९७२चा. आपलं प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं १९७०च्या सप्टेंबरात. अमेरिकेची पर्यावरण संस्था, ती ईपीए, कामाला लागली त्याच वर्षीच्या डिसेंबरात. तीन महिन्यांनी आपण पुढे होतो! हे मी पॉटलकमध्ये सांगितलं तर लोक हसले. हसण्यासारखं आहे खरं, पण मग विचारा ना की पुढे काय झालं. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ येऊन माणसं दगावली, तेव्हा या मंडळाचं वय बेचाळीस होतं. माणसं किती नेमली, किती जागा रिकाम्या ठेवल्या, किती नमुने घेतले, किती कारखाने आणि किती नगरपालिका कोर्टात खेचल्या, हे प्रश्न विचारता येतात. त्यांची उत्तरं आकड्यांत देता येतात. 'रक्तात नाही' याला उत्तर कसलं द्यायचं?

आणि पंचगंगेसाठी मुंबई हायकोर्टात जाणारी माणसं आहेतच की. तारखांना एसटीने जातात, स्वतःच्या खर्चाने नमुने गोळा करतात. ती कुठल्या रक्ताची? ती काय डुलुथहून आयात केलेली आहेत? 'आपल्याकडे नाही व्हायचं' असं म्हणणारा माणूस स्वतःला फार वास्तववादी समजतो, पण तो त्यांच्या सगळ्या खटपटीवर एका वाक्यात बोळा फिरवत असतो, तेही गुलाबजाम खाता खाता.

अजून एक. 'रक्तात' हा शब्द आपण तरी इतक्या सहज वापरू नये. कोणाच्या रक्तात विद्या, कोणाच्या रक्तात व्यापार आणि कोणाच्या रक्तात झाडू, हे आपण शतकानुशतकं म्हणत आलो. त्याचा परिणाम म्हणून घाण करणं हे एकाचं काम आणि उचलणं हे दुसऱ्याचं, अशी वाटणी झाली. १९९३ साली कायदा केला, २०१३ साली पुन्हा केला, तरी माणसं गटारात उतरतात आणि गुदमरून मरतात. चिमटा घेऊन फिरणारी ती मुलगी संध्याकाळी आमच्याच शेजारच्या टेबलावर मित्रांबरोबर पिझ्झा खात होती. तिला कोणी वेगळा कप दिला नाही. स्वच्छतेचा आणि रक्ताचा संबंध शोधायचाच असेल तर इथे शोधा.

इकडचंही सगळं जिंकून झालं आहे अशातला भाग नाही. २०१२ आणि २०१८ साली लेक सुपिरिअरच्या दक्षिण काठाला निळं-हिरवं शेवाळ आलं, इतक्या थंड तळ्यात येणार नाही असं ज्याच्याबद्दल वाटत होतं ते. २०२३च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने सॅकेट खटल्यात क्लीन वॉटर अ‍ॅक्टचं संरक्षण बऱ्याच पाणथळ जागांवरून काढून घेतलं. म्हणजे कायदा पन्नास वर्षं टिकला तरी पुन्हा भांडावं लागतंच.

जाणार असाल तर जुलै-ऑगस्ट बरा, जूनमध्ये धुकं फार आणि माश्या चावतात. सिल्व्हर बेला दहा मिनिटं तरी गाडी थांबवा, कारखाना रस्त्यावरूनच दिसतो. त्याचाही एक फोटो काढा आणि ग्रुपवर टाका, खाली '६७,००० टन रोज, १९५५ ते १९८०' एवढंच लिहा. मी टाकला होता. त्यावर अजून कोणी काही बोललेलं नाही. आणि हो, स्वेटर न्या, जुलैतसुद्धा.